मार्लबरो द्राक्षप्रदेश

मार्लबरो द्राक्षप्रदेश : न्यूझीलंडच्या साउथ आयलंड या बेटाच्या ईशान्य टोकावरील, शीत हवामानाचा व सागरसान्निध्य लाभलेला एक नवोदित वाइन-उत्पादक प्रदेश. ब्लेनिम हे त्याचे मुख्य नगर असून ते सु. ४१° ३०' दक्षिण अक्षांशावर वसले आहे. जगातील बहुतेक नामांकित द्राक्षप्रदेशांचे वय शतकांत मोजले जाते. येथील व्यापारी लागवड मात्र १९७३ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत देशातील एकूण द्राक्षक्षेत्रापैकी सु. ७० टक्के क्षेत्र या एकाच प्रदेशात एकवटले आणि त्यांपैकी चार-पंचमांशांहून अधिक क्षेत्र सोव्हिन्यॉं ब्लां या एकाच पांढऱ्या जातीने व्यापले. ज्या जातीवर प्रदेशाची ही भरभराट उभी आहे, ती मूळ योजनेत जवळजवळ नव्हतीच. योजनेत जिला अग्रस्थान होते, ती जात पुढे मागे पडली. मार्लबरोचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

भूवर्णन व हवामान : प्रदेशाचे मुख्य अंग म्हणजे वायराऊ नदीचे खोरे. ही नदी पूर्वेकडे वाहत जाऊन क्लाउडी बे या उपसागराला मिळते. जेम्स कुक याने १७७० मध्ये या उपसागराला हे नाव दिले. खोऱ्याच्या उत्तरेस रिचमंड पर्वतरांग व दक्षिणेस विदर टेकड्या आहेत. पश्चिमेकडून येणारे पावसाळी वारे आपले बाष्प मधल्या पर्वतांवरच रिते करीत असल्याने खोरे पर्जन्यछायेत पडते. वार्षिक पर्जन्य सु. ६५० ते ७०० मिमी. असून वर्षातून सु. २,४०० तास सूर्यप्रकाश मिळतो. न्यूझीलंडमधील सर्वाधिक उन्हाच्या नगरांत ब्लेनिमची गणना होते. ढगांनी भरलेल्या आकाशातील मोकळी फट, अशा अर्थाचा एक जुना माओरी वाक्प्रचार वायराऊ खोऱ्याविषयी रूढ आहे.

ऊन विपुल असले, तरी उष्मा बेताचाच असतो. जानेवारी हा येथील सर्वांत उबदार महिना. त्याचे सरासरी तापमान सु. १८° से. असते. दुपारी समुद्रावरून येणारी थंड झुळूक उन्हाची तीव्रता कमी करते आणि निरभ्र रात्री तापमान झपाट्याने उतरते. त्यामुळे मणी सावकाश पिकतात; त्यांत साखर भरत असतानाही आम्लता टिकून राहते. खोऱ्याचा मध्यभाग नदीने आणलेल्या गोटे, वाळू व गाळ यांनी बनलेला आहे. काही हातांच्या अंतरावर जमिनीचा पोत बदलतो व एकाच बागेतील वेलींवर घड मागेपुढे पिकतात. दक्षिणेकडील उपखोऱ्यांत चिकण मातीचे प्रमाण अधिक आहे. त्याहून दक्षिणेस आवातेरे नदीचे खोरे असून ते अधिक थंड, कोरडे व वाऱ्याचे आहे.

महाराष्ट्रातील वाचकास येथील ऋतुचक्राची तुलना उद्‌बोधक वाटेल. नासिकच्या द्राक्षवेलीस हिवाळी झोप अशी नसते. म्हणून तिची एप्रिलमध्ये व ऑक्टोबरच्या सुमारास अशी वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते आणि थंडीच्या दिवसांत घड पोसून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास माल तयार होतो. मार्लबरोत हिवाळ्यात वेल पूर्णपणे निद्रिस्त होते. जून ते ऑगस्ट या काळात एकदाच छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोळे फुटणे, डिसेंबरमध्ये फुलोरा व मार्च-एप्रिलमध्ये तोडणी असा क्रम असतो. दोन्हीकडे तोडणीचे महिने जवळजवळ तेच. पण नासिकला तो वाढत्या उन्हाचा काळ असतो, तर मार्लबरोत उतरत्या उन्हाचा. सोव्हिन्यॉं ब्लां ही जात नासिकमध्येही लावली जाते व तिच्यापासून तेथे वाइन तयार करतात. तथापि दोन्ही वाइनांच्या स्वादांत भेद आढळतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

पूर्वेतिहास : वायराऊ नदीच्या मुखाजवळील वाळूच्या बांधावर न्यूझीलंडमधील अतिप्राचीन मानवी वस्तींपैकी एक वस्ती होती, तिचा काळ तेरावे शतक संपण्याच्या सुमाराचा मानला जातो. यूरोपीय वसाहतकारांनी या सपाट खोऱ्यावर हक्क सांगितला, तेव्हा ते आपण विकलेलेच नाही, अशी न्गाती तोआ या माओरी जमातीची भूमिका होती. १७ जून १८४३ रोजी जमिनीच्या मोजणीवरून झालेल्या चकमकीत २२ यूरोपीय व किमान चार माओरी मृत्युमुखी पडले. १८४७ मध्ये गव्हर्नर जॉर्ज ग्रे याने जमातीच्या तीन प्रमुखांकडून खोऱ्याचे खरेदीखत करून घेतले. त्या वेळी तिचा ज्येष्ठ नेता ते राउपाराहा हा सरकारच्या अटकेत होता. या प्रदेशातील जमातींच्या जुन्या गाऱ्हाण्यांचा निवाडा करणारे कायदे २०१४ मध्ये संमत झाले. आज द्राक्षबागांनी झाकलेली भूमी अशा रीतीने हस्तांतरित झालेली आहे.

१८५९ मध्ये नेल्सनपासून वेगळा होऊन मार्लबरो हा स्वतंत्र प्रांत बनला. मेंढपाळी हा त्याचा मुख्य व्यवसाय होता. द्राक्षवेल या प्रदेशास सर्वस्वी अपरिचित नव्हती. न्यूझीलंडमध्ये सॅम्युएल मार्सडेन या धर्मोपदेशकाने १८१९ मध्ये देशाच्या उत्तर भागात पहिल्या वेली लावल्या होत्या. मार्लबरोत डेव्हिड हर्ड याने १८७३ मध्ये ऑन्ट्सफील्ड येथे मस्कॅट जातीची लहानशी बाग केली व तिच्यापासून गोड वाइन बनविली. हर्डच्या पश्चात ही परंपरा १९३१ पर्यंत टिकली. परंतु तिचे अनुकरण झाले नाही. त्या काळी देशात मद्यबंदीची चळवळ प्रबळ होती. १९१९ च्या सार्वमतात संपूर्ण मद्यबंदीचा प्रस्ताव अल्पशा मतांनी फेटाळला गेला आणि तोही मुख्यतः परदेशांत असलेल्या सैनिकांच्या मतांमुळे. अशा वातावरणात वाइनचा व्यवसाय ऑक्लंडच्या आसपास स्थायिक झालेल्या डाल्मेशियन कुटुंबांनी जिवंत ठेवला. साउथ आयलंड द्राक्षांस फार थंड आहे, असा समज विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत दृढ होता.

व्यापारी लागवडीचा प्रारंभ : मोन्टाना ही कंपनी अशाच एका डाल्मेशियन कुटुंबाने स्थापिली होती. इव्हान यूकिच याने ऑक्लंडनजीकच्या डोंगरात लावलेली छोटी बाग त्याचा मुलगा फ्रँक यूकिच याच्या हाती मोठी कंपनी बनली. देशात वाइनचा खप वाढू लागला, तेव्हा कंपनीला विस्तीर्ण व स्वस्त जमिनीची गरज भासली. नॉर्थ आयलंडमधील गिझबर्न व हॉक्स बे येथील जमिनी महाग होत्या. वेन टॉमस या वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने हवामानाच्या नोंदी तपासून वायराऊ खोऱ्याची शिफारस केली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील तज्ञांनीही हा निष्कर्ष ग्राह्य मानला. १९७३ मध्ये कंपनीने तेथील शेतजमिनी विकत घेतल्या. २४ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॅन्कट येथे पहिली वेल लावण्यात आली. शुभशकुन म्हणून खड्ड्यात चांदीचे नाणे टाकले गेले. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष डेव्हिड बीटी या समारंभास उपस्थित होते. हेच पुढे देशाचे गव्हर्नर जनरल झाले. त्याच वर्षी सीग्राम या कॅनडातील मद्य-कंपनीने मोन्टानामध्ये मोठा भाग घेतला व विस्तारास भांडवल उपलब्ध झाले.

स्थानिक शेतकऱ्यांचा सूर मात्र साशंकतेचा होता. तणनाशकांच्या फवाऱ्याने द्राक्षवेली सहज करपतात. त्यामुळे बागा आल्यास आपल्या पिकांवरील फवारणीवर निर्बंध येतील, अशी त्यांस भीती वाटत होती. पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात पुष्कळ रोपे वाळून गेली व शंकेखोरांचे म्हणणे खरे ठरते की काय, अशी स्थिती निर्माण झाली. पाण्याची सोय करून वेली पुन्हा लावाव्या लागल्या. १९७६ मध्ये पहिली तोडणी झाली.

द्राक्षांच्या जाती : प्रारंभीच्या लागवडीत म्यूलर-थुर्गाउ या जर्मन पांढऱ्या जातीस प्राधान्य होते. थंड प्रदेशात लवकर पिकणारी, भरघोस उत्पन्न देणारी व गोडसर स्वस्त वाइनीस योग्य, अशी तिची ख्याती होती. तिच्या जोडीला काबेर्ने सोव्हिन्यॉं ही काळी जात लावण्यात आली. परंतु ती मार्लबरोच्या अल्प उष्म्यात नीट पिकत नसे. सोव्हिन्यॉं ब्लां या जातीचे मूळ फ्रान्समध्ये असून तेथील ल्वार नदीचे खोरे व बॉर्दो ही तिची जुनी घरे होत. न्यूझीलंडमध्ये तिच्यापासून पहिली व्यापारी वाइन मटुआ व्हॅली या ऑक्लंडनजीकच्या कंपनीने १९७४ मध्ये केली. मार्लबरोत ती १९७५ मध्ये ब्रॅन्कट येथे लावण्यात आली आणि १९७९ च्या हंगामात तिची पहिली वाइन निघाली.

या वाइनीचा स्वाद परिचित फ्रेंच वाइनींहून वेगळा होता. एकीकडे ताजे कापलेले गवत व भोपळी मिरची यांची आठवण करून देणारा हिरवा गंध आणि दुसरीकडे पॅशन फ्रूट व पपनसाच्या वर्गातील फळे यांचा तीव्र गंध, असे तिचे दुहेरी रूप आहे. यांपैकी हिरवा गंध मिथॉक्सिपायराझीन या वर्गातील संयुगांमुळे येतो. ती मण्यांतच तयार होतात आणि ऊन व उष्णता यांनी घटत जातात. थंड प्रदेशात त्यांचा काही अंश शिल्लक राहतो. फळांचा गंध गंधकयुक्त थायॉल संयुगांमुळे येतो. मण्यांत ती गंधहीन स्वरूपात बद्ध असतात व किण्वनाच्या वेळी यीस्टच्या क्रियेने मुक्त होतात. यंत्राने तोडणी करताना मणी फुटून रस व साल यांचा संयोग होतो, त्यामुळे या गंधाच्या पूर्वद्रव्यांचे प्रमाण वाढते, असे संशोधनात आढळून आले आहे. मजुरी वाचावी म्हणून स्वीकारलेले यंत्र अशा रीतीने स्वादासही पोषक ठरले. किण्वन बहुधा पोलादी टाक्यांत कमी तापमानात करतात आणि वाइन फार न मुरविता वर्षाच्या आत बाजारात आणतात.

इतर जातींत पिनो न्वार ही काळी जात महत्त्वाची असून दक्षिणेकडील चिकण मातीच्या उतारांवर ती चांगली येते. शार्दोने, रीसलिंग व पिनो ग्री यांची लागवड कमी प्रमाणात होते. पिनो न्वार व शार्दोने यांपासून फेसाळ वाइनही तयार करतात.

अरिष्ट व पुनर्रचना : विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात दोन संकटे एकामागून एक आली. फायलोक्सेरा हा मुळांवरील रस शोषणारा कीटक प्रदेशात शिरला. बहुतेक वेली स्वतःच्या मुळांवर वाढविलेल्या असल्यामुळे त्यांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. कीटकास दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमे करून बागा नव्याने उभारणे हाच एक उपाय होता. त्याच सुमारास देशात वाइनचा साठा खपापेक्षा फार वाढला, १९८४ मध्ये वाइनवरील कर वाढला आणि कंपन्यांत किंमतयुद्ध जुंपले. सरकारने १९८६ मध्ये वेली उपटण्याची योजना जाहीर करून हेक्टरी ६,१७५ न्यूझीलंड डॉलर भरपाई देऊ केली. देशातील सु. एक-चतुर्थांश द्राक्षक्षेत्र या योजनेखाली मोकळे झाले. उपटलेल्या वेलींत म्यूलर-थुर्गाउचे प्रमाण मोठे होते. ज्या जातीच्या भरवशावर मार्लबरोत पाऊल टाकले गेले, तिचे वर्चस्व अवघ्या तेरा वर्षांत संपुष्टात येऊ लागले. तिच्या जागी नवे काय लावावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच वेळी बाहेरून मिळाले.

कीर्तीचा काळ : पश्चिम ऑस्ट्रेलियातील केप मेन्टेल या वाइन-कारखान्याचा संस्थापक डेव्हिड होनन हा मार्लबरोच्या सोव्हिन्यॉं ब्लां वाइनीने प्रभावित झाला. त्याने १९८५ मध्ये येथे क्लाउडी बे हा कारखाना काढला व केव्हिन जड याच्याकडे वाइननिर्मितीचे काम सोपविले. पहिल्या हंगामाची वाइन विकत घेतलेल्या द्राक्षांपासून केलेली होती. तरीही इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथे तिची वाहवा झाली. १९८६ मध्ये लंडनमधील संडे टाइम्सच्या वाइन-महोत्सवात हंटर्स या मार्लबरोतील छोट्या कारखान्याच्या वाइनीस ग्राहकांची सर्वाधिक पसंती मिळाली. तेव्हापासून ब्रिटिश बाजारपेठ या प्रदेशास खुली झाली. पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने ही न्यूझीलंडच्या वाइनची सर्वांत मोठी गिऱ्हाईक बनली.

मागणीबरोबर लागवड वाढली. मेंढ्यांची कुरणे, जवाची शेते व फळबागा यांची जागा तारांवर चढविलेल्या वेलींच्या लांब रांगांनी घेतली. २००१ मध्ये येथील उत्पादकांच्या पुढाकाराने बाटलीस बुचाऐवजी आट्याचे धातूचे झाकण बसविण्याची मोहीम सुरू झाली. खराब बुचामुळे वाइनीस येणारा कुबट वास टळावा व ताजा गंध टिकावा, हा तिचा हेतू. बुचाविना बाटली हलक्या प्रतीची मानण्याचा जुना संकेत त्यामुळे न्यूझीलंडमध्ये मोडला गेला आणि इतर देशांतही तो सैल झाला.

समस्या : एकाच जातीवर विसंबून राहण्याचे धोके लवकरच प्रत्ययास आले. २००७ मध्ये देशातील द्राक्षांचे उत्पादन सु. २,०५,००० टन होते. २००८ मध्ये ते एकदम सु. २,८५,००० टनांवर गेले. त्याच वर्षी जागतिक मंदी आली. द्राक्षांचे भाव कोसळले, करार नसलेल्या बागाइतदारांचा माल पडून राहिला आणि बरीच वाइन बाटलीत न भरता घाऊक टाक्यांतून परदेशी स्वस्तात गेली. अशा वाइनीमुळे प्रदेशाच्या नावास बाधा येते, ही जाणीव त्यातून वाढली. भौगोलिक नामांची नोंदणी करणारा २००६ चा कायदा २०१७ मध्ये अंमलात आल्यावर मार्लबरो हे नाव संरक्षित झाले. २०१८ मध्ये काही उत्पादकांनी स्वतंत्र मानचिन्ह सुरू केले. संपूर्णपणे मार्लबरोचीच द्राक्षे, उत्पन्नास मर्यादा आणि न्यूझीलंडमध्येच बाटलीभरण, या त्याच्या प्रमुख अटी होत.

पाणी ही दुसरी समस्या. द्राक्षांस अन्य पिकांच्या मानाने पाणी कमी लागते. परंतु गोट्यांच्या जमिनीत ठिबक सिंचनाशिवाय बाग तग धरीत नाही. दक्षिणेकडील उपखोऱ्यांत भूजल अपुरे पडू लागल्याने वायराऊ नदीचे पाणी तेथे नेणारी सिंचन योजना २००४ मध्ये कार्यान्वित झाली. वायराऊच्या भूजलस्तराची पातळीही दीर्घकाळ खालावत असल्याचे दिसून आले आहे. वसंत ऋतूतील गोठणारे दंव कोवळे कोंब जाळते. त्यावर उपाय म्हणून उंच खांबांवरील पंखे व हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने वरची उबदार हवा खाली ढकलतात.

तोडणी यंत्राने होत असली, तरी छाटणी व काड्या बांधणे ही कामे मुख्यतः हातांनीच होतात. त्यांसाठी २००७ पासून एका सरकारी योजनेखाली पॅसिफिक बेटांतून, विशेषतः व्हानुआटूमधून, हंगामी मजूर आणले जातात. त्यांच्या कमाईने त्यांच्या गावी घरे उभी राहिली व मुलांच्या शाळेची सोय झाली. मात्र कुटुंबांपासून कित्येक महिने दूर राहणे, निवासाची व्यवस्था व एकाच मालकाशी बांधला गेलेला परवाना यांविषयी तक्रारीही होत आल्या आहेत. जगाच्या बाजारपेठेत पोहोचलेल्या प्रत्येक बाटलीमागे हे श्रम असतात. बाटलीवरील चिठ्ठीत त्यांचा उल्लेख सहसा नसतो.

हा प्रदेश भूकंपप्रवणही आहे. वायराऊ व आवातेरे या दोन्ही खोऱ्यांतून प्रस्तरभंग गेलेले आहेत. १८४८ मध्ये येथे मोठा भूकंप झाला होता. २०१३ मध्ये जुलै व ऑगस्टमध्ये बसलेल्या धक्क्यांनी वाइनच्या टाक्यांची हानी झाली. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर झालेल्या ७.८ परिमाणाच्या कायकौरा भूकंपात प्रदेशातील सु. एक-पंचमांश साठवणक्षमतेस इजा पोहोचली. वाहून गेलेली वाइन मात्र वार्षिक उत्पादनाच्या सु. दोन टक्केच होती. पुढील तोडणीस चार महिनेच उरले असताना टाक्या दुरुस्त करण्यात आल्या.

मूल्यमापन : मार्लबरोतील द्राक्षबागांचे क्षेत्र आता सु. ३०,००० हेक्टर आहे. न्यूझीलंडच्या वाइन-निर्यातीत चार-पंचमांशांहून अधिक वाटा सोव्हिन्यॉं ब्लांचा आहे. शिवाय या बागांतील बहुसंख्य वेली एकाच कृंतकाच्या, म्हणजे एकाच मूळ वेलीच्या काड्यांपासून वाढविलेल्या, आहेत. त्यामुळे स्वादात एकसारखेपणा आला व ग्राहकास बाटली ओळखणे सोपे झाले. परंतु नवी कीड, बदलते हवामान किंवा रुचीतील पालट यांपुढे सर्व बागा एकाच वेळी दुबळ्या ठरण्याची शक्यताही त्यात आहे. अलीकडे अनेक देशांत वाइनचे सेवन घटत असून २०२५ च्या हंगामात अतिरिक्त उत्पादनाचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. निराळ्या कृंतकांची पैदास, लाकडी पिंपांत मुरविलेल्या वाइनी व उपखोऱ्यांची वेगळी ओळख प्रस्थापित करण्याचे प्रयत्न त्या दृष्टीने महत्त्वाचे होत.

थंड म्हणून नाकारलेल्या भूमीने, दुय्यम म्हणून लावलेल्या जातीच्या बळावर, एका पिढीत जगन्मान्यता मिळविली. या यशात हवामानाच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांचा वाटा होता, भांडवलाचा होता, तसाच अनपेक्षित योगायोगाचाही होता. १९८६ मध्ये बाजाराची दिशा बदलताच म्यूलर-थुर्गाउच्या वेली मुळांसकट काढाव्या लागल्या. त्या वेळी प्रदेश लहान होता व पर्यायी जात हाताशी होती. आज बागांचा विस्तार पाहता तसे वळण घेणे तितके सोपे राहिलेले नाही. म्हणूनच एका जातीने दिलेली समृद्धी अनेक जातींच्या आधाराने टिकविणे, हे या तरुण द्राक्षप्रदेशापुढील मुख्य कार्य आहे.